वीज जात होती, ऊब येत नव्हती

आधीच सांगून टाकते... या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मोटरसायकलवर मागे कुणीतरी येऊन बसतं. मी हसते आणि पुढे जाते. माझा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड झालाय. वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि पहिल्याच दिवशी सरांनी "शिवणकामाला जागा नव्हती का?" असं विचारलं होतं, म्हणून मी तो ट्रेड रागारागानं, पण अगदी पक्का शिकले. तेव्हापासून माझं एकच मत आहे. बिघाड तारेत असतो, स्विचमध्ये असतो, नाहीतर वापरणाऱ्याच्या डोक्यात असतो. चौथी जागा नाही.

हे मत अजून बदललेलं नाही. म्हणूनच तर लिहायला बसलेय, कारण जे घडलं ते या तिन्हींत कुठेच बसत नाही.

आमची लॉन्ड्री राहात्याहून पुणतांब्याला येताना गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. पत्र्याचं शेड, पुढे टेम्पो लावायला जागा. लॉजच्या चादरी आणि टॉवेल धुवायचं काम. माल आणणं-पोचवणं ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या मिस्टरांकडे. इस्त्रीला गावातली कमल आहे. मशिनी माझ्याकडे. ह्यांना साधा बल्ब बदलायचा तरी आधी पायात चप्पल शोधतात, मग माझा नंबर शोधतात. घर गावात, नदीच्या बाजूला. घरी आम्ही दोघं आणि माझे सासरे, आबा.

सासूबाई, हौसाबाई त्यांचं नाव, त्या हे घडलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेल्या. दवाखान्यात नेल्या त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून आबांनी त्यांची गोधडी सोडली नाही. सासूबाईंनी स्वतःच्याच जुन्या लुगड्यांची शिवलेली, एक बाजू हिरवी, एक बाजू विटलेली जांभळी. आबा रात्री ती पांघरायचे आणि दिवसा मांडीवर घेऊन बसायचे. बोलणं कमी झालं होतं, विसरायचेही फार. पण गोधडी कुठे आहे हे कधी विसरले नाहीत.

आता एक रीत सांगायला हवी, शहरातल्यांना माहीत नसेल. आमच्याकडे गोधडी शिवून संपत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतात आणि मग तो कोपरा शिवून टाकतात. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही. माझी आईही घालायची. मला मात्र लॉन्ड्रीवाली म्हणून त्या घासाचा ताप. गावातल्या बायका पावसाळ्यात गोधड्या धुवायला आणतात. पाण्यात तो तुकडा आंबतो, वास मारतो, मुंग्या लागतात. म्हणून मशीनमध्ये टाकायच्या आधी मी चारही कोपरे बोटांनी चाचपते, गाठ लागली की टाके उसवून तुकडा काढून टाकते. आजवर कितीतरी गोधड्यांचे घास काढलेत. कोणतीही गोधडी रुसली नाही.

श्रावणात झड लागली होती. दिवसभर भुरभुर, कपडा म्हणून वाळत नव्हता. आबांच्या हातून गोधडीवर दूध सांडलं आणि घरभर आंबूस वास सुटला. हे त्यांना आंघोळीला घेऊन गेले तेवढ्यात मी गोधडी उचलली आणि खाटेवर नवं मऊ ब्लँकेट ठेवलं. शेडवर आणून नेहमीप्रमाणे कोपरे चाचपले, चौथ्यात गाठ लागली, काढून कोंबड्यांपुढे टाकली. गोधडी धुतली. वाटलं, तासाभरात वाळेल, जेवायच्या आत परत नेऊन देऊ.

ड्रायरमध्ये टाकली, चालू केला. थोड्या वेळानं दार उघडून हात घातला तर आत नुसती गार हवा. ड्रम फिरतोय, पंखा फिरतोय, गरम काही नाही.

म्हटलं, फेज गेला. आमच्याकडे तीन फेजपैकी एक उडणं हे नित्याचंच, मग मशीन फिरतं पण हीटर धड चालत नाही. मेन स्विचपाशी बघितलं तर तिन्ही फेज ठणठणीत. मग कापडाचा भुगा अडकतो ती जाळी काढून झटकली. गरम हवा बाहेर टाकणारा पाईप बघितला, मागे एकदा साळुंकीनं त्यात घरटं केलं होतं. तो मोकळा. मेन बंद केला, मागचं झाकण उघडलं, कॉईल तपासल्या, थर्मोस्टॅट तपासला, फार तापलं तर लाईन तोडणारा कटआऊट तपासला. सगळं जिथल्या तिथं. झाकण लावून रिकामाच चालू केला... तर तापला! पाईपाला हात धरवेना. लूज कनेक्शन असेल, हलवाहलवीत बसलं असेल म्हणून मी खूश झाले. ओले टॉवेल टाकले, ते कडकडीत वाळून निघाले.

मग गोधडी टाकली. गार.

गोधडीला वजन जास्त, पाणी जास्त, म्हणून असेल. तर तिच्याहून जड होईल एवढे भिजलेले टॉवेल कोंबले. गरम. परत गोधडी. गार. माझं डोकं सटकलं. कमल इस्त्री थांबवून बघत होती.

"ताई, राहू द्या," ती म्हणाली. "त्या गोधडीलाच वाळायचं न्हाई आज."

"गोधडीला काय कळतंय कमल? तू चादरी बघ."

तोवर रात्र झाली, गोधडी ओलीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर येऊन शेवटी क्लॅम्प मीटर काढला. तो चिमट्यासारखा वायरीभोवती लावायचा, वायर न तोडता किती करंट जातोय ते दाखवतो. गोधडी आत, ड्रायर चालू, हवा गार, आणि मीटरवर करंट पूर्ण! टॉवेल वाळताना असतो तेवढाच. जुना मीटर काढून लावला. तोही तेच सांगतोय. मेन बंद करून लगेच झाकण काढलं आणि कॉईलला बोट लावलं. एरवी कातडी सोलून निघाली असती. कॉईल गार होती, भिंतीसारखी.

वाचणाऱ्यांत इलेक्ट्रिकलवाले असतील त्यांना कळेल मी का हादरले ते. हीटरमधून वीज गेली की उष्णता झालीच पाहिजे. तिला दुसरं काही करताच येत नाही. वीज जातेय. मग उष्णता जातेय कुठे? मी तिथेच स्टुलावर बसले. भीती वगैरे नाही, सरळ अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

झाकण लावून पुन्हा चालू केला आणि फोन वाजला. घरून हे.

"अगं, आबांनी काल रात्रीपासून अन्नाला हात लावला न्हाई. ब्लँकेट फेकून दिलं. गोधडी आन म्हनत्यात. आन आता बघ, दरदरून घाम सुटलाय त्यांना. सकाळी हातपाय बर्फ हुते. आता स्वेटर काढलाय, उकडतंय म्हनत्यात."

"ताप बघितला का?"

"बघितला की. ताप न्हाई."

ड्रमच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी ड्रायर बंद केला. आम्ही बोलत राहिलो, डॉक्टरकडे न्यायचं का, टेम्पो आहे का. बोलता बोलता हे म्हणाले, "थांब जरा... आता शाल मागायला लागलेत. गार वाजतंय म्हनं. काय चाललंय काय?"

फोन कानाला तसाच धरून ड्रायर चालू केला. थोडा वेळ गेला.

"परत शाल काढली बघ," हे म्हणाले.

बंद केला. आबांनी शाल ओढून घेतली. चालू केला. आबांनी ढकलली. चौथ्यांदा करायची मला हिंमत झाली नाही. कमलनं विचारलं, "ताई, तोंड का असं झालंय?" तिला म्हटलं, झोप झाली नाही.

हे आबांना टेम्पोत घालून राहात्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, अशक्तपणानं घाम येतो. आज खाल्लं तर ठीक, नाहीतर उद्या ॲडमिट करून सलाईन लावू. एवढं ऐकूनच आबांनी ह्यांचा हात घट्ट धरला. "हौसा तिथनं आली न्हाई, मीबी येनार न्हाई," एवढंच परत परत. येताना ह्यांनी टेम्पो शेडपुढे थांबवला. चेहरा रडकुंडीला आलेला. हळूच मला म्हणाले, "उद्या ॲडमिट केलं तर ते घाबरूनच जातील गं. काहीतरी कर, पण खाऊ घाल त्यांना."

आबा आत आले, धरून धरून. ओली गोधडी टेबलावर होती. त्यांनी तिच्यावर हात फिरवला, एक-एक कोपरा बोटांत धरला. चौथ्या कोपऱ्याला उसवलेले टाके लागले तसे थांबले.

"मंगल, हिचा घास कुठं हाय?"

"आबा, तो मी काढला. धुताना आंबला असता."

मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत, उलट मलाच समजावल्यासारखं बोलले. "आगं पोरी, मग उपाशीपोटी कशी वाळंल ती? लई मानी हाय हौसा. बोलायची न्हाई, पर जेवल्याबिगर हलायचीबी न्हाई."

कमलच्या डब्यात बाजरीची भाकरी होती. आबांनी कडेचा तुकडा मोडला, कोपऱ्यात सारला आणि मला म्हणाले, शिव. बटणं लावायची सुई होती. विचार करा, मी, ट्रेडला पहिली आलेली बाई, भर दुपारी ओल्या गोधडीत भाकरी शिवत बसले होते. टाका संपला तसं आबांनी उरलेली भाकरी हातात घेतली. "तिचं झालं. आता मी खातो," म्हणाले. आणि खाल्ली. कमलच्या मटकीबरोबर, सगळी. हे तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

गोधडी ड्रायरमध्ये टाकली. कमलनं माझ्याकडे बघितलं, मी पाईपाला हात लावला. गरम. चांगला चटका बसेल एवढा गरम. गोधडी वाळून निघाली ती आबांनी तशीच कढत अंगाभोवती घेतली आणि टेम्पोत बसल्या बसल्या डोळे मिटले.

तुम्ही म्हणाल, आलं लक्षात, घास काढला म्हणून झालं. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण नंतर कितीतरी गोधड्या आल्या, मी मुद्दाम घास काढून त्या ड्रायरमध्ये टाकल्या आणि मीटर लावून बसले. सगळ्या वाळल्या. ह्यांना मी फोनवरचं काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार?

आबा त्यानंतर जेवायला लागले. दिवाळी चांगली गेली. मग थंडी पडली, नदीकाठची बोचरी थंडी, आणि ते पुन्हा खंगत गेले. एका सकाळी गोधडी ओली झाली होती. या वेळी मी लपूनछपून उचलली नाही. आबांना विचारलं. त्यांना स्वतःलाच लाज वाटत होती. म्हणाले, "घेऊन जा, धुवून आन. घास मी घालीन परत. लवकर आन." मी त्यांना दोन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि निघाले. शेडवर घास काढून ठेवला.

धुतली. ड्रायरमध्ये टाकली. आत हात घातला.

गार हवा.

मीटर लावला. करंट पूर्ण.

या वेळी मी झाकण उघडलं नाही. घरी फोन लावला. ह्यांना विचारलं, आबा कसे आहेत? "गाढ झोपलेत. अंग कसं ऊबदार हाय. झोपू दे," हे म्हणाले. म्हटलं, मग चालू दे. लॉजच्या चादरी पडून होत्या, वीज फुकट जात होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बिघडलेल्या मशीनपुढे हात बांधून बसले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. कुठे का जाईना, ऊब जायला हवी तिथेच जात होती.

मग ह्यांचा फोन आला. आबा उठवलं तरी उठत नव्हते.

निघताना कमलला बजावलं, ड्रायरला हात लावू नकोस. घरी डॉक्टर आले होते. नाडी बघितली, डोळे बघितले. म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय, सकाळीच केव्हातरी. म्हणजे मी फोन केला तेव्हा कदाचित... मग त्यांनी पुन्हा हात धरून बघितला, कपाळावर आठी पडली. "ब्लँकेटं होती ना, त्यामुळे असेल," म्हणाले आणि गेले.

नणंद तिसगावला असते, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंच्या वेळी तिला यायला उशीर झाला होता. आईचे हात बर्फासारखे लागले, ते तिनं मनाला फार लावून घेतलं होतं. आबांसाठी ती दुपारी पोचली. ब्लँकेटं केव्हाच काढलेली, दारं उघडी, गार वारा आत येत होता. तिनं आबांचे हात धरले आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी... ऊन हायेत गं हात!"

ते हात तिनं गालाला लावले, मांडीवर घेतले, किती वेळ. रडत होती पण सुखानं रडल्यासारखं. मी दाराशी उभी होते आणि मनात म्हणत होते, घे बाई, हवं तेवढं घे.

पण मग कुजबुज सुरू झाली. अंग ऊन असलेलं माणूस न्यायचं कसं? म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, जीव अडकलाय कशात तरी. कुणी म्हणालं दुसरा डॉक्टर आणा. आणि ह्यांनी मला बाजूला घेतलं. डोळ्यांत अशी आशा, की मला बघवेना. "मंगल, आबा हायेत का गं अजून? डॉक्टर चुकला असंल का?"

तेव्हा मला कळलं की हे कुणालातरी थांबवावं लागणार, आणि कुठलं बटण ते फक्त मलाच माहीत आहे.

मी परसात गेले, कमलला फोन लावला.

"कमल, ड्रायर बंद कर."

"ताई, गोधडी अजून ओलीच हाय. सकाळपास्नं फिरतीया नुसती."

"असू दे. बंद कर."

फोनमधून ड्रमचा आवाज येत होता. तो हळू होत होत थांबला. मी तिथेच भिंतीला धरून रडले. सासू गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते. मग तोंड धुऊन आत आले. लोक तसेच बसले होते. थोड्या वेळानं नणंदेनं आबांचे हात हळूच खाली ठेवले, पदर सारखा केला.

"गार पडले," ती म्हणाली.

गोधडी मी दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवली. मेलेल्या माणसाचं पांघरूण ठेवू नये, नदीला सोडा असं सगळ्यांनी सांगितलं, पण नणंदेनं ऐकलं नाही. कोपऱ्यात भाकरी घालून, शिवून तिसगावला घेऊन गेली. म्हणते, लई ऊब देते.

त्यानंतर ड्रायरमध्ये काही बिघाड नाही. ह्यांना वर्षश्राद्ध झाल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बिघाड काय हुता?" बिघाड होता असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. इथं कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त "मीटर खराब असेल" एवढं म्हणू नका. दोन्ही मीटर चांगले आहेत, अजून तेच वापरते.

रोज सकाळी ड्रायर चालू केला की मी आधी पाईपाला हात लावून बघते. गरम लागतो. रोज गरमच लागतो... काम नीट चाललंय म्हणून बरं वाटतं, आणि थोडं वाईटही वाटतं.